उलटा हात

नाकाच्या मुळापासून मानेमागच्या उंचवट्यापर्यंत
टेप धरते. छत्तीस सेंटिमीटर.
विरळ केसांत निळ्या पेन्सिलची फुली,
फुलीवर मिठाच्या पाण्यात बुडवलेला स्पंज,
दुसरा उजव्या भुवईच्या वर.
एक ओघळ कानामागून कॉलरमध्ये उतरतो.
"गळतंय," खेडेकर म्हणतात. "पावसाळ्यात मीटरचं असंच होतं."

एकतीस वर्षं लाइनमन.
पद्मावती, धनकवडी, पार कात्रजपर्यंत.
कोणत्या खांबावर मधमाश्यांचं पोळं होतं, अजून सांगतात,
कोणत्या गल्लीत आकडे टाकायचे
आणि वर साहेबांना चहा पाजायचे.
मुलीचं नाव मात्र दारात अडतं,
चप्पल काढावी की नाही, या विचारात.

पहिल्या दिवशी संमतीपत्र वाचून दाखवलं.
दोन मिलीअँपियर, वीस मिनिटं, दहा दिवस.
हसले. "मॅडम, एवढ्यात झिरोचा बल्ब डोळा उघडायचा नाही.
आणि अर्थिंग कुठाय?"
मी भुवईवरचा स्पंज दाखवला.
त्यांनी मान हलवली, नव्या पोराच्या कामावर
जुना माणूस हलवतो तशी.
मग मलाच शिकवलं:
बंद सांगितलेली तार तळव्याने धरायची नाही.
चालू निघाली तर मूठ मिटते, सुटत नाही.
आधी उलटा हात.

"आता एका मिनिटात आठवतील तितके प्राणी."
गाय. बैल. म्हैस. कुत्रा.
शेळी.
कुत्रा.
खिडकीबाहेर कर्वे रोडवरून मेट्रो सरकते,
ते तिच्या वरच्या तारेकडे बघत राहतात.
"पंचवीस हजार व्होल्ट."
हा प्राणी नाही, मी लिहीत नाही.
अगदी शेवटच्या सेकंदाला: मुंगी.

मुंग्या सगळ्यांनाच येतात.
सुरुवातीला अर्धा मिनिट टाळूवर एक खाजरी रांग चालते,
नंतर काहींचा प्रवाह तसाच राहतो,
काहींचा यंत्र गुपचूप काढून घेतं.
कोणाचा कुठला, मलाही ठाऊक नसतं.
यादी पाकिटात, पाकीट अत्तार सरांच्या कपाटात,
अत्तार सर सुटीवर, तर सत्यही सुटीवर.

चौथा दिवस गुरुवार. शहरात पाणी बंद,
स्पंज धुवायला मी घरून बाटली आणलेली.
बारा मिनिटं झाली असतील.
खेडेकर हळूच म्हणाले, "मॅडम, लाइन बंद आहे."

कपाळाला कळलं होतं, की नुसता वार आठवला होता?
गुरुवार म्हणजे शटडाउन, एकतीस वर्षं.
फॉर्मवर तीन चौकोन: खरा, खोटा, सांगता येत नाही.
मी पेन धरून बसले.
"पण येत जाईन," ते म्हणाले. "पंखा चांगलाय इथला."

दहाव्या दिवशी नऊ प्राणी. महिन्याने आठ.

पाकीट फाल्गुनात उघडलं.
लाइन चालू होती. दहाही दिवस, वीसही मिनिटं.
आलेखावर त्यांचा ठिपका मी बोट ठेवून शोधला,
रेषेच्या जरा खाली.
गटाचा निकाल थोडा वर होता, इतका थोडा
की लेखात "कदाचित" तीनदा लिहिलं
आणि परीक्षकांनी चौथं घालायला सांगितलं.
खेडेकरांना कळवायचं पत्र
मी अजून टाइप करते आहे.

काल सहा महिन्यांची तपासणी.
मी जिना चढून येत होते, बापलेक दारापाशी उभे.
मला ओळखलं नाही.
"कोणाची तक्रार आहे इथे?" त्यांनी मुलीला विचारलं.
वैजयंता काही बोलली नाही. पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

लॅबच्या दाराला लोखंडी कडी आहे.
तिच्याशी जाऊन त्यांचा हात आपसूक वळला,
बोटांची पाठ कडीला निसटती लागली,
थांबली.
मग त्यांनी मूठ भरून कडी धरली, दार लोटलं,
आणि मागे न बघता मुलीला म्हणाले,
"ये. बंद आहे."